स्टुलाचं विधेयक

आमदार सुशीलभाऊंची आजवर सदतीस विधेयकं विधानसभेत मांडून झाली होती आणि त्यातल्या एकाचाही कायदा झाला नव्हता. याबद्दल भाऊंची तक्रार नव्हती. सरकार मांडतं ते विधेयक पास व्हायला असतं, आणि एकट्या आमदारानं मांडलेलं अशासकीय विधेयक हे फक्त मांडायला असतं, हे भाऊंनी पहिल्याच टर्ममध्ये शिकून घेतलं होतं. संत्र्याला राज्यफळाचा दर्जा द्या, बसस्टँडवरच्या बाकांची उंची ठरवा, लग्नातल्या डीजेला तोंड भिंतीकडे करून उभं करा, अशी ती विधेयकं. दरवर्षी भाऊंच्या वाढदिवसाला गुळगुळीत कागदावर एक पुस्तिका निघायची, तीत 'भाऊंचे प्राधान्यक्रम' आणि 'सभागृहात मांडलेली ऐतिहासिक विधेयके' अशी दोन पानं असत. ऐतिहासिक हा शब्द तसा खोटा नव्हता, कारण सगळी इतिहासजमाच झालेली होती.

ही सगळी विधेयकं लिहिली होती नत्थूजींनी. नत्थूजी भाऊंचे स्वीय सहायक. अठरा वर्षं एकाच साहेबाकडे टिकलेले, नागपूरलगतच्या बेसा भागात दोन खोल्यांत राहणारे, खिशाला कायम दोन पेनं लावणारे. कलम, पोटकलम, उद्देश आणि कारणे, हे सगळं ते झोपेत लिहू शकत. अशासकीय विधेयकांतलं कुठलं चर्चेला घ्यायचं हे चिठ्ठ्या काढून ठरतं. सदतीसपैकी नऊ विधेयकांची चिठ्ठी निघून ती चर्चेला आली होती, बाकीची आपोआप मेली. आणि त्या नऊही वेळा एकच घडलं होतं. भाऊंनी भाषण वाचलं, मंत्री उठून म्हणाले की शासन या विषयावर सकारात्मक विचार करेल, आणि मग भाऊ दुसऱ्यांदा उठून म्हणाले, "मंत्रिमहोदयांच्या आश्वासनानंतर, सभागृहाच्या अनुमतीने, मी माझे विधेयक मागे घेतो." हा तिथला रिवाजच आहे. लग्नात आहेर घेताना 'कशाला, कशाला' म्हणतात, तितकाच जुना आणि तितकाच मनापासूनचा.

हे वाक्यही अर्थात नत्थूजींचंच. भाऊंच्या उत्तराच्या कागदावर ते सगळ्यात खाली असायचं. कॉम्प्युटरमध्ये नत्थूजींनी एक कोरी फाईल करून ठेवली होती, वर 'अध्यक्ष महोदय' आणि खाली हे वाक्य. मधलं तेवढं बदलायचं. इतकी वर्षं झाल्यावर नत्थूजींना ते वाक्य दिसेनासं झालं होतं.

अडतिसावं विधेयक मात्र घरातून निघालं.

नत्थूजींच्या बायकोला, तुळजाबाईंना, बुटीबोरीच्या एका कापड मिलमध्ये चौदा वर्षं झाली होती. काम कापड तपासायचं. टेबलावरून कापड सरकत जातं, खालून दिवा असतो, आणि तुटलेला धागा दिसला की खूण करायची. तुळजाबाई उमरेडच्या विणकराची पोर. त्यांच्या नजरेतून धागा सुटत नसे, हे मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. आठ तास हे उभ्याने करायचं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या पावसाळ्यापासून त्यांच्या पोटऱ्यांतल्या शिरा निळ्या आणि फुगीर झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, मधेमधे बसा, नाहीतर उन्हाळ्यापर्यंत हे काम सोडावं लागेल.

"मंग बसत काहून नाही वं?" नत्थूजींनी विचारलं.

"कायवर बसू? एकही स्टूल नाही तिथं. सायेबाले विचारलं, तं म्हंते नियमात नाही." तुळजाबाई पाय उशीवर ठेवून पडल्या होत्या. "माहा बाप जिंदगीभर मागावर बसून विणत होता. अन् मी दुसऱ्यानं विणलेलं नुसतं पाह्यासाठी उभी राहून राहिली."

नत्थूजींनी त्यांच्या पायांखाली आणखी एक उशी सरकवली.

"नियमात नाही, तं नियमात आणा ना जी," तुळजाबाई म्हणाल्या. "तुमी तेच करता ना तिथं? संत्र्याले दर्जा पायजे म्हंता. मले स्टूल पायजे."

कागदोपत्री नत्थूजींचं काम खरोखर तेच होतं. त्यांना ओशाळल्यासारखं झालं. बायको चौदा वर्षं उभी होती आणि ते अठरा वर्षं कायदे लिहीत होते, आणि या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी शेजारी आल्या नव्हत्या.

दुसऱ्याच दिवशी ते लिहायला बसले. पाच कलमं. उभ्याने काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराला पाठ टेकता येईल असं आसन, आणि काम अडत नसेल तेव्हा बसण्याचा हक्क. 'उद्देश आणि कारणे' लिहिताना नेहमी ते वर्तमानपत्रातलं कात्रण समोर ठेवत. या वेळी कात्रण नव्हतं. ते पान त्यांनी चार वेळा लिहिलं, आणि चौथ्यांदा त्यात एकही जडजंबाल शब्द उरला नाही.

भाऊंनी ते वाचून भुवया वर केल्या. "हे कोनाचं हाय, नत्थूजी?"

"जनतेचं, भाऊ."

"मंग टाका सहाव्या नंबरवर."

प्राधान्यक्रमात सहावा नंबर म्हणजे पान उलटल्यावर येणारा. पण नशीब कुठे विचारून येतं? नागपूर अधिवेशनासाठी अशासकीय विधेयकांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि पहिली चिठ्ठी स्टुलाची निघाली. विधेयक सहावरून थेट एकवर आलं. भाऊंनी फोटोही काढून घेतला, एका स्टुलावर हात ठेवून उभ्याने.

सोमवारी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या की शुक्रवारी बसण्याच्या हक्कावर चर्चा आहे. मंगळवारी सकाळी तुळजाबाई मिलमध्ये गेल्या, तर तपासणीच्या टेबलांशी बारा स्टुलं मांडलेली. लाल प्लास्टिकची, पाठ नसलेली, पण स्टुलं. कायदा येणारच असेल तर आधीच दिलेली बरी, असा मिलच्या साहेबांनी हिशेब केला होता. कायदा नाही आला तरी चर्चेच्या निमित्तानं एखादा पत्रकार फिरकेलच, हेही त्या हिशेबात होतं.

त्या संध्याकाळी तुळजाबाई बसमधून उतरल्या त्या चक्क चालत भाजी घेऊन आल्या. "बसून कापड अजून साजरं दिसते," त्या म्हणाल्या. "डोळे टेबलाच्या बरोबरीनं येतेत ना." बुधवारी रात्री त्यांनी पायाला रोजचं तेल लावलं नाही. गुरुवारी त्या गुणगुणत होत्या. नत्थूजींनी इतक्या वर्षांत कशाचा निकाल लागलेला पाहिला नव्हता. विधेयक अजून चर्चेला यायचं होतं आणि ते आत्ताच चार पायांवर उभं होतं. आनंदाच्या भरात त्यांनी भाऊंचं भाषण आणि मंत्र्यांच्या उत्तरानंतर बोलायचं टिपण एका बैठकीत लिहून काढलं. जुनी फाईल उघडली, मधलं बदललं, छापलं.

शुक्रवारी दुपारी सभागृहात माणसं थोडी होती. शुक्रवारची दुपार असतेच तशी. निम्मे आमदार आपापल्या गावाकडे निघालेले असतात आणि उरलेल्यांपैकी निम्म्यांना सावजीच्या जेवणानंतर डोळे उघडे ठेवणं जड जातं. नत्थूजींनी खास प्रेक्षक गॅलरीचा पास काढला होता. घरून निघताना तुळजाबाई म्हणाल्या होत्या, "नीट पाहून या, मले सगळं सांगा."

भाऊंनी भाषण चांगलं वाचलं. 'उद्देश आणि कारणे' वाचताना तर एका जागी ते स्वतःच थांबले, पुढची ओळ काय आहे ते पाहायला. मग मंत्री उठले. त्यांच्या हातात अधिकाऱ्यांनी दिलेला कागद होता, आणि त्यात काय असणार हे नत्थूजींना पाठ होतं. सकारात्मक विचार. पण मंत्र्यांनी कागद बाजूला ठेवला.

"अध्यक्ष महोदय," ते म्हणाले, "मी राजकारणात येण्यापूर्वी सात वर्षं कापडाच्या दुकानात नोकरी केली. गिऱ्हाईक गादीवर बसायचं, आम्ही उभे. माझा डावा गुडघा तेव्हापासूनच गेलेला आहे. शासनाची या विधेयकाला हरकत नाही. ते आजच संमत करावं."

नत्थूजींना वाटलं, आपल्याला ऐकायला चुकीचं आलं. शेजारचा माणूस टाळ्या वाजवायला गेला आणि गॅलरीत टाळ्या चालत नाहीत हे आठवून त्याने हात मांडीखाली घेतले. ऐकायला बरोबरच आलं होतं. सरकार हो म्हणालं होतं.

हे न ऐकलेला सभागृहात एकच माणूस होता, तो म्हणजे सुशीलभाऊ. मंत्री उत्तर देताना भाऊ कधी ऐकत नसत. अठरा वर्षांत ऐकण्यासारखं त्यात काही निघालं नव्हतं. ते मागच्या बाकावरच्या सदस्याशी रविवारच्या एका साखरपुड्याबद्दल बोलत होते. आपलं नाव पुकारलेलं कानावर पडताच ते वळले, चष्मा लावला आणि टिपण उचललं.

त्या क्षणी नत्थूजींना त्या कागदाचं शेवटचं वाक्य दिसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिसलं, आणि तेही कागद चाळीस हात लांब असताना.

ते ताडकन उभे राहिले.

"बसा," गॅलरीतला सुरक्षारक्षक म्हणाला.

"अहो, भाऊंना..."

"इथं उभं राहता येत नाही. बसून घ्या."

भाऊ वाचत होते. मंत्रिमहोदयांचे आभार, कामगारांच्या व्यथा, विषयाचं गांभीर्य. नत्थूजींनी हात हलवले. सुरक्षारक्षकाने त्यांचा खांदा धरून त्यांना खाली बसवलं, अगदी सभ्यपणे. खुर्ची चांगली गुबगुबीत होती, पाठ टेकता येणारी.

"...सभागृहाच्या अनुमतीने, मी माझे विधेयक मागे घेतो," भाऊ म्हणाले आणि बसले.

मंत्री उठता उठता राहिले. अध्यक्षस्थानी जे होते त्यांनी विचारलं, सभागृहाची अनुमती आहे? या प्रश्नाला जे उत्तर नेहमी येतं तेच चार-पाच जागांहून आलं, आहे, आहे. विधेयक मागे घेण्यात आलं. पुढचं विधेयक पुकारलं गेलं.

बाहेर पायऱ्यांवर भाऊ खुशीत होते. "झालं ना बराबर?"

नत्थूजींनी काय झालं ते सांगितलं. भाऊंचा चेहरा थोडा वेळ गंभीर झाला.

"पन नत्थूजी, वाक्य तं तुमचंच होतं."

"हो, भाऊ."

"मले वाटलं, तुमी लिहिलं म्हंजे बराबरच असंन." त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "पुढच्या अधिवेशनात परत देऊ. चिठ्ठी निघाली तं निघाली. अन् पुस्तिकेत घ्या हे. मंत्र्यानं हो म्हटलेलं आपलं पहिलंच विधेयक हाय."

शुक्रवारी संध्याकाळी नत्थूजींनी घरी फक्त 'लांबलं' एवढंच सांगितलं. खोटं बोलायची त्यांना सवय होती, पण ती कार्यालयीन कामापुरती. बायकोशी खोटं बोलल्यावर त्यांना जेवण गेलं नाही.

शनिवारी तुळजाबाई बसमधून उतरल्या आणि चौकापासून घरापर्यंत दोनदा थांबल्या. आत येऊन त्यांनी पिशवी खुंटीला लावली आणि पलंगावर पाय पसरले.

"स्टुलं नेले," त्या म्हणाल्या. "एकात एक घालून स्टोअरात ठेवले. सायेब म्हणे, विधेयक वापस घेतलं ना आता. पेपरात आलं म्हंते." मग त्यांनी विचारलं, "मंत्री तं हो म्हणे, तेही पेपरात हाय ना जी? मंग भाऊनं वापस काहून घेतलं?"

दोष भाऊंवर ढकलणं सोपं होतं. कोणाचा दोष कोणाकडे सरकवायचा ही तर नत्थूजींची अर्धी नोकरी होती. पण तुळजाबाईंच्या पोटऱ्या समोर होत्या, पुन्हा सुजलेल्या.

"भाऊनं नाही वं," ते म्हणाले. "ते वाक्य माहंच होतं. दरखेपेले खाली राहते. काढाचं राहून गेलं माह्याच्यानं."

तुळजाबाईंनी उशी ओढून पायांखाली घेतली. त्या ओरडल्या असत्या तर नत्थूजींना बरं वाटलं असतं.

"चार दिवस बसली मी," त्या म्हणाल्या. "आता उभं राहणं पह्यल्यापेक्षा जास्त लागते."

नत्थूजींनी बॅगेतून कागद काढले. दुपारीच त्यांनी पुढच्या अधिवेशनासाठी सगळं नव्यानं छापून आणलं होतं, विधेयक, भाषण आणि टिपण. ते त्यांनी पलंगावर तुळजाबाईंजवळ ठेवले, माफी मागायची दुसरी कुठली रीत त्यांना येत नव्हती.

"वाचा," तुळजाबाई म्हणाल्या.

नत्थूजी खुर्ची ओढायला गेले.

"उभ्यानं वाचा जी. भाऊ उभ्यानंच वाचते ना?"

नत्थूजींनी उभ्यानं वाचलं. पाचही कलमं, उद्देश, कारणे, भाषण. मग टिपण, शेवटच्या ओळीपर्यंत. "मंत्रिमहोदयांच्या आश्वासनानंतर..." आणि ते थांबले. फाईल तीच होती.

तुळजाबाईंनी हात लांब करून त्यांच्याच खिशातलं एक पेन काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. नत्थूजींनी ती ओळ खोडली. मग खोडलेल्यावरून आणखी दोनदा पेन फिरवलं.

"आता पह्यल्यापासून वाचा," तुळजाबाई म्हणाल्या. "अजून कुठं काही राह्यलं असंन तं."

दुसऱ्या वाचनात तिसऱ्या कलमापर्यंत त्यांच्या टाचा दुखायला लागल्या. चौथ्या कलमाशी त्यांनी भार या पायावरून त्या पायावर टाकला. उद्देश आणि कारणे येईपर्यंत त्यांनी कागद एका हातात घेऊन दुसरा हात भिंतीला लावला होता. बाहेर अंधार पडत आला होता.

"थोडा वेळ बसू का वं?" नत्थूजींनी विचारलं.

"सकारात्मक विचार करून राहिली मी," तुळजाबाई म्हणाल्या. "वाचा."