वाटीतला उजेड

हॅलोजनचा जुना बल्ब तळहातावर घेतला तर वजनच लागत नाही, वाळलेला किडा ठेवल्यासारखा — आणि काचेला बोट लावायचं नसतं, बोटाचं तेल बसलं की तिथेच काच तापते, तडकते, हे ठाऊक असून त्याचा अंगठा काचेवरूनच फिरत होता...

"द्या काका तो इकडे. हे पांढरे दिवे काढावे लागतील, नाहीतर गाडी पास नाही," गाड्या तपासणारी बाई म्हणाली.

शेडमध्ये मुद्दाम केलेला अंधार. समोरच्या फळ्यावर त्याच्या गाडीचा उजेड दूध उतू गेल्यासारखा पसरलेला. या दुधातून तो महिनाभर पोहत गेला होता, संध्याकाळची पाळी संपवून बाहेर येणाऱ्या लेकीला आणायला — तेवढंच एक काम उरलंय मला, तेही काढून घ्या!

"दिव्याची आतली चकचकीत वाटी जुन्या बल्बाची, बल्ब नवा," बाई सांगत होती. "उजेड रस्त्यावर पडायचा सोडून समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. रस्त्यावर चालत नाही हे."

"मग दुकानात कसं चालतं?"

"खोक्यावर लिहिलेलं असतं की. बारीक अक्षरांत."

बारीक अक्षरांत! छत्र्या विका आणि पावसात उघडू नका म्हणून सांगा, तेही मुंगीच्या अक्षरात. विकणारा हरामखोर मोकळा, आणि पकडायचं कुणाला, तर म्हाताऱ्याला. पण ती अक्षरं त्याने वाचली नव्हती... खोकं डोळ्यांशी नेलं होतं, लांब धरलं होतं, पुन्हा जवळ — आणि दुकानदाराला म्हणाला होता, चष्मा विसरलो. चष्मा नाकावरच होता.

"बाबांना रस्त्यावर विमान उतरवायचं असतं," लेक दाराशी टेकून हसली. बाईही हसली.

पांढरा उजेड गेला. नुसत्या अंधारात त्याला तो माणूस दिसला, वळणावर गाडी कडेला घालून दोन्ही हातांनी डोळे झाकून बसलेला. "आंधळा आहेस का रे?" असं तो ओरडला होता, आणि आपण काच वर करून हसलो होतो — जळतो लेकाचा, म्हणून. त्याच्या शेजारी कुणी होतं का? त्याचीही लेक...? आठवत नाही. दिसलंच नव्हतं. महिनोन्‌महिने रस्त्यावरच्या दिव्यांना केस फुटलेत, माणसं विरघळून चालतात, आणि आपण दिवे बदलतोय.

"काचेला बोट लावलंत ना?" बाईने बल्ब फडक्याने पुसला, बसवला. "आता बघा. रेघ कशी कापल्यासारखी! खाली उजेड, वर अंधार."

"हो की," लेक म्हणाली. "बाबा, मस्त आली."

त्याने पाहिलं. पिवळं धुकं. वर गेलं की विरत जाणारं, कडा नसलेलं, मऊ... हो म्हटलं की झालं. गाडी पास, किल्ली हातात, उद्या रात्री पुन्हा लेकीच्या कामाच्या फाटकाशी उभं राहायचं. हो ओठांवर आलंही होतं. पण राग — सकाळपासून ज्याच्या आधाराने तो उभा होता तो राग — कुठे ठेवलाय तेच सापडेना, आणि त्याच्या जागी काहीतरी फार हलकं, तळहातावरच्या त्या बल्बासारखं.

"कुठून सुरू होते ती रेघ?" त्याने विचारलं.

लेक दारापासून सरळ झाली. तो धुक्याकडे बघत राहिला, मुठीतल्या किल्लीचे दाते बोटांनी चाचपत, एकेक.