तोंड बुजवलेला पंप

मित्रांनो, मी एका निळ्या मोटारीचा जुना वॉटर पंप. सध्या मुक्काम गॅरेजच्या टेबलावर, निकामी. बारा वर्षं मी इंजिनात कूलंट फिरवून त्याचं डोकं थंड ठेवलं. कौतुक मात्र गाडीच्या रंगाचं झालं. असो!

माझ्या पोटाखाली एक बारीक भोक आहे, मुद्दाम ठेवलेलं. आतलं सील झिजलं की तिथून थेंब पडतात, म्हणजे मालकाला वेळेत कळतं.

एकदा ताईंच्या या गाडीखाली हिरवे थेंब दिसले. गॅरेजवाला त्यांचा धाकटा भाऊच. त्यानं इंजिन पुसून कोरडं केलं, रेडिएटरला हवेचा दाब दिला, बॅटरीच्या उजेडात एकेक नळी पाहिली आणि नेमका माझ्यापाशी थांबला.

"ताई, पंप गेलाय. नवा यायला चार दिवस लागतील."

"चार दिवस? मी शाळेत शिकवायला जाऊ कशी? कर ना रे काहीतरी!"

बहिणीपुढे त्याचं कधी काही चाललं नाही. त्यानं त्या भोकात सीलंट भरलं. "आठवडाभरच चालव हं. मग नक्की ये."

थेंब थांबले. ताई खूश, भाऊ कामात बुडालेला. आठवड्याचे तीन महिने झाले. इकडे कूलंट माझ्या बेअरिंगमध्ये शिरत होतं. मी कुरकुरलो, तर ताईंनी रेडिओचा आवाज वाढवला.

मग एका सकाळी, आईला बघायला परगावी गेलेल्या भावाचा फोन आला. "आई अत्यवस्थ आहे. सारखं तुझंच नाव घेतेय. लगेच नीघ."

अर्ध्या वाटेत माझं बेअरिंग जाम झालं, पट्टा तुटला, बॉनेटखालून वाफ उसळली. रस्त्याकडेला उभ्या राहून ताई फोनवर रडत होत्या, "तिला सांग, मी येतेय." बस मिळून त्या पोचल्या, तोवर आई गेली होती. आणखी दोन तास तरी मी तग धरायला हवा होता, याची रुखरुख मला अजून लागून आहे.

मित्रांनो, गळणाऱ्या, कुरकुरणाऱ्या कुणाचंही तोंड असं बुजवू नका. आधी त्याला काय झालंय ते बघा.

काल भावानं इंजिन दुरुस्त करून नवा पंप बसवला. अर्धा तास दाब देऊन दाबमापकाच्या काट्यासमोर बसून राहिला. काटा जागचा हलला नाही.

"ताई, आता कितीही लांब जा. थेंब गळायचा नाही."

ताईंनी किल्ली घेतली. "आता कुणाकडे जाऊ रे घाईनं?"