हळदीच्या संध्याकाळची तक्रार

मांजर्लीत हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं काम. लग्नाला पाहुणे जेवून निघून जातात. हळदीला अख्खं गाव नाचतं, आणि नाचायचं म्हणजे डीजे आलाच. महेशची तर एकुलती एक मुलगी, किर्ती. त्यानं मांडवाच्या दोन्ही बाजूंना स्पीकरच्या डब्यांच्या अशा भिंती रचल्या की मांडव शोधावा लागावा. त्यातली एक भिंत नेमकी त्याच्या चुलतभावाच्या, कैलासच्या खिडकीसमोर आली. दोन घरांचं अंगण एकच, तेव्हा डब्यांचं तोंड फिरवून फिरवणार तरी कुठे?

त्या खिडकीच्या आत कैलासचे वडील, रघू, भाड्यानं आणलेल्या लोखंडी पलंगावर पडून होते. हृदय पार थकलं होतं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, आता औषधापेक्षा शांतता महत्त्वाची. डॉक्टरांना सांगायला काय जातं, शांतता काही मेडिकलमध्ये मिळत नाही.

भावकीला काळजी होती ती वेगळीच. म्हातारा गेला तर सुतक लागणार आणि लग्न थांबणार. किर्तीच्या लग्नाची तारीख आधी एकदा तिच्या आजीच्या सुतकात गेली होती. मुलाकडच्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं की पुन्हा असं काही झालं तर आम्ही दुसरी मुलगी बघू. हे रघूंच्याही कानावर आलं होतं. किर्ती त्यांच्या मांडीवर वाढलेली. त्यांनी बायकोला, विठाला, जवळ बोलावून सांगितलं होतं, "माझ्यापायी पोरीचा लगीन अडाया नको. मी गेलो तरी ती सासरी जाईपर्यंत कुनाला कळू देऊ नको. रडू बी नको." विठानं मान हलवली होती. अशा वेळी दुसरं काय करतं माणूस?

दिवेलागणीला डीजे सुरू झाला. खिडकीतल्या औषधाच्या बाटल्या एकमेकींवर आपटू लागल्या. प्रत्येक ठोक्याला रघूंचा हात छातीकडे जायचा. कैलासची बायको मुलांना घेऊन हळद लावायला मांडवात गेली होती. घरात तो आणि आई, दोघंच. तो उठून महेशकडे गेला.

"दादा, बाबांना सोसत नाय. जरा कमी कर ना."

"आता करतो," महेश म्हणाला, आणि त्यानं खरंच आवाज कमी करायला लावला. गाणं संपलं, दुसरं लागलं, आवाज होता तिथं परत गेला. कैलास पुन्हा गेला तेव्हा महेशचा सूर बदलला होता. "अरे, दहापर्यंत कायद्यानं परवानगी हाय. पोरीची हळद काय रोज लागते?"

दहापर्यंत सगळं चालतं, हा आपल्या गावोगावचा आवडता कायदा. दहानंतर बंद, एवढीच ओळ प्रत्येकानं पाठ केलेली. दहाच्या आधीही आवाजाला मर्यादा असते आणि स्पीकरला लेखी परवानगी लागते, ही पुढची ओळ वाचायला कुणाला वेळ नाही. कैलासनं ती मोबाईलवर वाचली. मग गच्चीवर जाऊन, टाकीच्या आडोशाला उभं राहून त्यानं ११२ लावला. पलीकडची बाई म्हणाली की नाव कुणाला सांगणार नाही. भावकीच्या मांडवावर पोलीस बोलावताना त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरी त्यानं पत्ता दोनदा नीट सांगितला.

पोलीस आले. हवालदारानं हातातलं यंत्र डब्यांपुढे धरलं आणि महेशला दाखवलं. "वस्तीत रात्री दहापर्यंतही पंचावन्नच डेसिबल. तुमचं शंभरच्या वर गेलंय. परवानगी दाखवा."

"साहेब, दहा वाजले कुठे अजून?"

"दहाचं सोडा. कागद आहे का?"

कागद नव्हता. महेशनं हात जोडले, जेवायचा आग्रह केला, ओळखीच्या माणसाला फोन लावून पाहिला. हवालदारानं डीजेवाल्याला वायरी काढायला लावल्या आणि आपली पाठ वळताच त्या परत जोडल्या जाणार हे ठाऊक असल्यानं तो मांडवातच खुर्ची टाकून बसला. पोरं चिडली. हे बिल्डिंगवाल्यांचंच काम, असं म्हणून समोरच्या सोसायटीच्या नावानं शिव्यांची लाखोली सुरू झाली. कैलास घरात गेला.

खिडकीच्या आत रघूंनी डोळे उघडले. "थांबला?"

"हो बाबा, थांबला."

"बरा झाला." त्यांनी श्वास सोडला, कपाळावरच्या आठ्या गेल्या. कैलासला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. कायदा पहिल्यांदाच आपल्या घराच्या कामी आला, असं त्याला वाटलं. वडील शांत झोपले. विठानं त्यांच्या पायांवर चादर ओढली, ती छातीपर्यंत आणली, आणि तिथं तिचा हात थांबला. छाती हलत नव्हती.

विठानं तोंड उघडलं आणि लगेच पदराचा बोळा दातांत धरला. बाहेर कुणी चमचा पाडला तरी आत ऐकू येत होतं. आतलंही बाहेर तसंच गेलं असतं. तिचं सगळं अंग गदगदत होतं, चेहरा काळानिळा पडला होता. साता जन्मांची सोबत मागितलेला नवरा समोर गेलेला, आणि बाईला हुंदका काढायची सोय नाही. कैलासनं तिला धरलं. तिनं त्याला ढकललं, दाराकडे बोट केलं आणि कशीबशी म्हणाली, "वाजवाया सांग त्यांना. मना राहवत नाय."

कैलास मांडवात आला. किर्ती पाटावर बसली होती, बायका तिच्या गालांना हळद लावत होत्या. तो हवालदाराजवळ जाऊन वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, डीजे चालू करू द्या ना. थोडाच वेळ."

"आत्ताच तर बंद केला. तक्रार आहे."

"तक्रार मागे घेतो."

"तुम्ही कोण घेणार?"

"फोन मीच केलावता."

हळू बोलून उपयोग नव्हता. त्या शांततेत ते मागच्या रांगेपर्यंत पोचलं. महेश हातातलं ताट ठेवून पुढे आला. त्याला राग यायच्या आधी नवल वाटलेलं दिसत होतं.

"तू? माझ्या पोरीच्या हळदीला तू पोलीस आणलेस?"

"दादा, चुकलं माझं. पण आता लाव. पाया पडतो तुझ्या."

"आता कशाला पायजे तुला डीजे?"

कैलास त्याच्या पायांशी वाकला. महेशनं त्याची कॉलर धरली, दोनदा हलवलं आणि पुन्हा तेच विचारलं. सगळा मांडव गप्प होऊन उत्तराची वाट बघत होता, आणि त्याच वेळी खिडकीतून विठाचा हंबरडा आला.

महेशची मूठ सैल झाली. किर्तीच्या गालांवरचे बायकांचे हात एकेक करून मागे गेले, आणि ती अर्ध्या हळदीनिशी पाटावर बसून राहिली.