अंगठ्यातली चिपळी

मित्रांनो, मी एक जुनी चिपळी आहे. जोडीतली, अंगठ्यात बसणारी. रोह्याच्या जगन सुताराने एकाच लाकडातून आम्हा दोघींना कोरलं, पितळी झांजा बसवल्या. रामवाडीच्या काळुरामबुवांच्या हातात आम्ही बत्तीस वर्षं हरिनामाला साथ दिली. कीर्तनात माणसं डोलत, रडत. चिपळीला आणखी काय हवं?

गडबच्या सीताबाईचा निलेश बोटीवर कामाला होता. परदेशातल्या एका बंदरात मारामारी झाली, त्याच्या हातून माणूस दगावला. नऊ वर्षांची शिक्षा लागली. गुन्हा सीताबाईने कधी नाकारला नाही. "शिक्षा भोगंल तो. पन हितल्या तुरुंगात असंल तर तोंड तरी बघीन," एवढंच ती म्हणे. कैद्यांना मायदेशी धाडण्याचा करार दोन्ही सरकारांनी केल्याचं टीव्हीवर दिसलं मात्र, तिने नवसाचं कीर्तन घातलं, पेढे वाटले. त्या दिवशी आम्ही खूप वाजलो.

मग सरकारी कागद आला. तिथल्या संसदेने मंजुरी दिल्याशिवाय करार लागू होणार नव्हता.

शेजारची धोंडुबाई बोललीच, "पोर यायच्या आधी नवस फेडलास गो! आता देवाला कसली घाई?"

"देवाला नसंल. मला हाय," म्हणत सीताबाईने रामवाडी गाठली.

"बुवा, सरकारानं सही केली ना? मग ही सभा कोन मधीच?"

बुवा म्हणाले, "देव स्वतः दूत होऊन तह मागाया सभेत गेला व्हता, सीताबाय. मोठी मोठी मान्सं माना घालून बसली. कुनी बोललं नाय, आन् युद्ध पेटलं. सभेला इचारावं लागतं ते म्हणून. देशादेशाची रीत येगळी. अमेरिकेत त्यांच्या सिनेटात दोन तृतीयांश मतं पडल्याबिगर तह पक्का व्हत नाय. आपल्याकडं करार सरकार करतं. संसद जाब इचारते, लागंल तिथं कायदा करते."

"मग आपली सभा इचारनार कवा?"

 बुवांनी आम्हा दोघींना वेगळं केलं आणि मला तिच्या हातावर ठेवलं. "एक सरकार, एक सभा. एकटी वाजंल का? तिथली सभा व्हय म्हनली न् पोर हितं आलं की ही घेऊन ये. आन् चल, आपल्या खासदाराला अर्ज देऊ."

पाच खेपा झाल्या. अखेर आपल्या संसदेत प्रश्न विचारला गेला: करार कुठे अडला? उत्तर दोन ओळींचं आलं. त्याने तिकडे काही हललं का, मला सांगता येणार नाही.

मी चौदा महिने सीताबाईच्या देव्हाऱ्यात मुकी पडून होते. खाडीच्या खाऱ्या हवेने झांजांवर हिरवा गंज चढला. तिकडे बुवा नुसत्या टाळ्यांवर कीर्तन करत. लोक म्हणत, "बुवा, नवी जोडी घ्या की!" बुवा हसून अभंग उचलत.

मग तिथल्या संसदेत मतदान झालं. चार मतांनी करार मंजूर झाला. पुढे निलेशला इकडच्या तुरुंगात आणलं. सीताबाई त्याला भेटली आणि तशीच बुवांच्या दारी आली. पदरातून मला काढलं.

"कसा हाय?" बुवांनी विचारलं.

"केस पिकलं त्याचं. जाळीतून म्हनला, आये, जेवलीस का?"

बुवांनी मला चिंचेने घासलं, अंगठ्यात चढवलं.  पहिला ठेका चुकला. तरी दोघी वाजलो.

मित्रांनो, आम्हाला अधूनमधून तेलाचं बोट लावा, दमट जागी टाकू नका. आणि ज्याला सभेत धाडाल तो मान खाली घालून बसला, तर त्याला हाक मारा. कुणाची तरी आई एकट्या चिपळीपाशी बसलेली असते.