डाव्या बाजूचा हात

परीक्षकांनी पिशवीतून काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे काढले, फोटोवर जरा इकडे-तिकडे सरकवले आणि तिचा हात झाकून टाकला.

"आता बघा," ते म्हणाले. "आता हा फोटो बोलतो."

छायाचित्रकार संघाच्या सभागृहातल्या सगळ्या माना एकदम डोलल्या. महिन्याची प्रिंट स्पर्धा होती. फोटोवर नाव नसायचं आणि ज्याचा फोटो त्याने अवाक्षर काढायचं नाही असा नियम होता, म्हणून तिचा नवरा शेजारी मिठाची गुळणी धरून बसला होता. त्याच्या आधी धुक्यातलं झाड येऊन गेलं होतं. ते अध्यक्षांचं, म्हणजे दातांच्या डॉक्टरांचं, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. डॉक्टर दर महिन्याला धुक्यातलं झाडच आणायचे आणि दर महिन्याला त्यात कुणाला तरी नवीन खोली दिसायची.

आणि आता दिव्याखाली तिची सासू होती. काळीपांढरी, भलीमोठी, तोंड उघडलेली. हनुवटीवरून ओघळलेली लाळसुद्धा उजेडात चमकत होती. फोटोच्या डाव्या कडेने चमचा धरलेला एक हात आत आला होता आणि त्याच्या मनगटावर टाचण्या खोचायची छोटी गादी बांधलेली होती. तो हात तिचाच होता. ती घरी कपडे शिवायची. दुपारी मशीनवरून उठून आईंना मऊ भात भरवायला जायची, तेव्हा मनगटावरची गादी सोडायचं तिला भान नसायचं.

"हे मनगटावर काय आहे, गळू आहे की काय?" परीक्षक म्हणाले. लोक हसले. "डोळा सारखा तिकडे जातो. हा हात काढून टाका. म्हातारीचा चेहरा पुरेसा आहे. त्या चेहऱ्यात भूक आहे."

नवऱ्याने आईंचे फोटो काढले ते घरातल्या घरात ठेवायला, अशी तिची समजूत होती. आई भानावर होत्या तेव्हा पोस्टमन आला तरी केस विंचरून मगच दार उघडायच्या. सगळं विसरायला लागल्या त्या सुरुवातीच्या दिवसांत एकदा त्यांनी तिला जवळ बोलावून म्हटलं होतं, "मी वेडीबागडी झाले ना, तर लोकांपुढे नको गं बसवूस मला." तिने हो म्हटलं होतं. आणि आता सभागृहभर लोक आईंच्या घशात डोकावत होते.

घरी जाताना तिने विषय काढला.

"आईंचा असा फोटो का दिलात?"

"असा म्हणजे?"

"लाळ गळतेय त्यांची."

"ते वास्तव आहे," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "इतकी वर्षं डोकं आपटतोय तिथे. आज पहिल्यांदा परीक्षक माझ्या फोटोपाशी थांबले. तुला नाही कळायचं."

"पुढे कुठे देऊ नका."

"बघू."

त्याचं 'बघू' तिला चांगलं माहीत होतं. लग्न झाल्यापासून त्याचा अर्थ एकदाही 'हो' निघाला नव्हता.

परीक्षकांनी सुचवलेला बदल करून तोच फोटो वर्षाच्या मोठ्या स्पर्धेत पुन्हा देता यायचा. संघात त्याला फोटो सुधारणं म्हणत. पुढच्याच रविवारी नवऱ्याने तिच्या कापड बेतायच्या टेबलावर, तिचीच स्टीलची पट्टी लावून, फोटो सुधारला. पात्याच्या एका ओढीत डावीकडचा भाग सुटून खाली पडला. केर काढताना तिने तो उचलला. चमचा, चार बोटं, टाचण्या. टेबलावर उरलेल्या फोटोत आईंचं तोंड तसंच उघडं होतं, पण आता त्या तोंडापुढे काहीच नव्हतं. दोन्ही वेळा पोटभर जेवणारी बाई बघता बघता उपाशी झाली होती. तिने तो तुकडा केराच्या टोपलीत टाकला आणि साबण लावून हात धुतले.

मोठ्या स्पर्धेत नवऱ्याला पहिलं बक्षीस मिळालं. फोटोखाली ठळक अक्षरात 'भूक' असं लिहिलं होतं. बक्षीस समारंभाला जायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण नवऱ्याने तिच्याच हातचा शिवलेला सदरा घातला आणि दारात उभा राहून तोंड एवढंसं केलं, तेव्हा ती निघाली. त्या दिवसापर्यंत तिला त्याचा राग होता. राग काय, येतो आणि जातो.

अध्यक्षांनी बक्षीस हातात देता देता ध्वनिक्षेपक त्याच्यापुढे धरला.

"ह्या आजी भेटल्या कुठे तुम्हाला?"

नवऱ्याने घसा खाकरला. ती दुसऱ्या रांगेत बसली होती. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

"आमच्याच भागात राहतात," तो म्हणाला. "एकट्याच असतात. बघणारं कुणी नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्या शेजारच्या बाईंनी डोळे टिपले.

"किती हळवे आहेत हो तुमचे मिस्टर!"

"हो ना," ती म्हणाली.

तिला किळस आली. आईंची लाळ पुसताना, ओल्या चादरी बदलताना, नको ते धुताना तिला कधी आली नव्हती, ती आता तिथे, सगळ्या नटूनथटून आलेल्या माणसांत आली. नवरा खाली येऊन शेजारी बसला तेव्हा तिने खुर्ची थोडी सरकवली.

संघाने तो फोटो, खाली आजींची करुण कहाणी लिहून, सगळ्यांना पाठवला. फोनमधून फोनमध्ये फिरत तो दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला नणंदेकडे पोचला. ती परगावी असायची. पोरीने आपल्या आईला ओळखायला कितीसा वेळ लागणार? तिचा आवाज फोनमधून स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता.

"दादा, आईला बघणारं कुणी नाही? एकटी असते ती?"

"अगं, ते आपलं फोटोपुरतं..."

"कशी दिसतेय ती! घासभर अन्न पोटात नसल्यासारखी. वहिनी काय करते मग दिवसभर? मी उद्या येते आणि आईला घेऊन जाते."

स्वयंपाकघरात ती आईंसाठी वाटीत भात कुस्करत होती. हात थांबवून ती ऐकत राहिली. नवरा आता सांगेल, असं तिला खरंच वाटलं. एक वाक्य पुरेसं होतं.

"थांब, थांब," नवरा म्हणाला. "जेवतानाचा फोटो पाठवतो. आत्ताचा. मग तर झालं?"

आधीचाच अख्खा फोटो पाठवता आला असता, पण मग पातं कुणी फिरवलं तेही बहिणीला दिसलं असतं. तो कॅमेरा घेऊन आईंच्या खोलीत आला. ती वाटी घेऊन पलंगाशी बसलेली होती.

"चल, भरव. आणि या वेळी हात नीट दिसू दे."

तिने त्याच्याकडे बघितलं. मग उठून वाटी त्याच्या हातात दिली.

"तुम्ही भरवा. फोटो मी काढते."

"मला कुठे जमतंय ते?"

"मुलाने भरवलेलं बघून वन्संना जास्त बरं वाटेल."

कुठलं बटण दाबायचं ते त्याने तिला दाखवलं आणि तो पलंगाच्या अगदी कडेवर टेकला. आईंनी चमचा बघून तोंड उघडलं. कोण भरवतंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. चमचा आत गेला, निम्मा भात बाहेर आला आणि लाळेबरोबर त्याच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला. त्याचं नाक आक्रसलं, ओठ वाकडे झाले. डोळे गच्च मिटून त्याने मान भिंतीकडे फिरवली. आई त्याच्याच तोंडाकडे बघत होत्या, पुढच्या घासासाठी.

तिने बटण दाबलं.

"आला?" डोळे न उघडताच त्याने विचारलं.

"आला. बघा."

तो उठला आणि हात चादरीला पुसून त्याने कॅमेरा घेतला. फोटो मोठा करून बघितला, लहान करून बघितला, परत मोठा केला. खिडकीतला उजेड दोघांच्या तोंडावर सारखा पडला होता आणि कुठेही काही हललं नव्हतं. चांगला फोटो कोणता, हे कळण्याइतकं तरी त्याने त्या संघात शिकून घेतलं होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हाच पाठवायचा?"

ती त्याच्या जागेवर बसली होती. आईंची हनुवटी तिने पदराने टिपली. बाहेरच्या खोलीत फोन वाजायला लागला. तो जागचा हलला नाही.

"उचला," ती म्हणाली, आणि तिने चमच्यात पुढचा घास घेतला.