ठिकरीवालीची भिंत

"माझी भिंत कुठं गेली रे?"

हातातली पिशवी अंगणातच टाकून म्हातारी ओरडली. बहिणीच्या शेतावर कापणीला काय गेली, मागे पोरानं घराच्या दर्शनी भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवून वर पांढरा रंग फासला होता.

पोरगा गवंडी. हात पुसत हसत पुढं आला. "कशी झालीय आई? ओळंबा लावून बघ, केसाचा फरक नाही! मागं तुझं शूटिंग करून गेल्या त्या कॅमेरेवाल्या बाईंचा फोन आला होता. तुझी फिल्म गावाला दाखवायचीय, सपाट पांढरी भिंत आहे का म्हणाल्या. म्हटलं, दुसऱ्याच्या दारात कशाला? आमचीच करतो की."

"अरे मुडद्या, फिल्म कशाची आहे?"

"तुझी."

"माझ्या थोबाडाला काय सोनं लागलंय? भिंतीची फिल्म आहे ती!"

पोराचं हसू तिथंच थिजलं. जन्म गेला त्या भिंतीला टेकून, पण बघितली कधी होती त्यानं? गावानं आईला 'ठिकरीवाली' म्हणून चिडवायचं आणि यानं मान खाली घालायची. उकिरड्यावरून ती फुटक्या बशा, बांगड्या, बाटल्यांचे तळ वेचून आणायची आणि ओल्या मातीत अंगठ्यानं दाबायची. मासे, पाखरं, अख्खं तळं उभं केलं होतं बाईनं. शिकवायला कोण होतं? आणि मधोमध एका निळ्या कपाचा कान. तो का लावलाय, हे तिनं घरात कधी सांगितलं नाही.

"छिन्नी आणतो," पोरगा पुटपुटला. "काढतो सगळं."

"निघेल?"

त्यानं नखानं गिलावा खरवडून बघितला.

"बोल की, गवंडी ना तू?"

"घट्ट धरलंय आई. ओढलं तर मातीसकट येईल. ठिकऱ्यांचा चुरा होईल."

म्हातारी उंबऱ्यावर बसली. रडली नाही. सुनेनं पाणी आणलं, ते तसंच राहिलं.

दिवस मावळता कॅमेरेवाली आली. भिंत बघितली तशी ती प्रोजेक्टर घेऊन माघारी वळली. पण अंगणात सगळा गाव बसलेला. काल नाकाला पदर लावणाऱ्या बाया आज पुढच्या रांगेत. फिल्म लावावीच लागली.

आणि पांढऱ्या गिलाव्यावर मासे उमटले. पाखरं उमटली. खऱ्याहून मोठी, खऱ्याहून लखलखीत. टाळ्या पडल्या. काय कला, काय कला! मेल्यांनो, इतकी वर्षं डोळे काय गहाण टाकले होते?

मग निळा कान आला, भिंतभर. वर म्हातारीचाच आवाज. "माझी लेक तापानं गेली. शेवटचं पाणी या कपातनं प्याली, अन् कप हातातनं सुटला. एवढाच कान साबूत राहिला. तो भिंतीत लावला. मग वाटलं, पोर एकटी कशी राहील? म्हणून तिच्याभोवती मासे केले, पाखरं केली."

गवंडी मागं उभा होता. ज्या हातांनी गिलावा ओढला होता, ते त्यानं तोंडावर दाबून धरले.

म्हातारी उठली. भिंतीपाशी गेली. त्या निळ्यावर तिनं तळवा ठेवला. बोटं चाचपत राहिली. गार, गुळगुळीत सिमेंट. निळा रंग तिच्याच हाताच्या पाठीवर पडला होता.

"ए म्हातारे," मागून कुणीतरी खेकसलं, "बाजूला हो की! काही दिसेना आम्हाला!"