बर्मा न पाहिलेला टोप

मी बर्माच्या लढाईत गोळी खाल्लेला लोखंडी टोप बोलतोय. असं माझा मालक भिमाजी सांगायचा. मी सांगत नाही. मी कारखान्यातून भिंगारला आलो, तेव्हापासून इथंच आहे. बर्मा कुठल्या दिशेला, तेही मला ठाऊक नाही.

दुसऱ्या महायुद्धात आम्हाला हजारांनी घडवलं. थाळीसारखं दाबलं, मातकट हिरवा रंग फासला, डोक्याला टोचू नये म्हणून आत गादीचं अस्तर बसवलं. अस्तर धरून ठेवायला बरोबर टाळूवर एक भोक, आणि त्यात एक स्क्रू. हे भोक ध्यानात ठेवा. पुढचा सगळा तमाशा त्याचाच आहे.

भिंगारच्या लष्करी गोदामात माझी पेटी फोडायच्या आत लढाई संपली. जन्मलो डोक्यासाठी आणि एकही डोकं नशिबी आलं नाही. भंगारात काढलं, तेव्हा गोदामातल्या कारकुनानं, म्हणजे भिमाजीच्या बापानं, मला घरी नेलं. अस्तर उंदरांनी खाल्लं, स्क्रू कुठंतरी पडला, भोक राहिलं. ते बघून म्हातारा खूश झाला. मला उलटा करून, पट्ट्याच्या कड्यांना साखळ्या लावून त्यानं परसातल्या महादेवावर टांगलं. भोकात सुताची वात घातली. श्रावणभर थेंब थेंब अभिषेक. म्हातारा गेल्यावर त्याच्या सुनेनं, भिमाजीच्या बायकोनं, मालनबाईनं पाणी घालणं सोडलं नाही. दिवस चांगले होते. पण देवाला टोपाची गरज नसते आणि मला डोक्याची होती.

मग भिमाजी निवृत्त झाला. निवृत्त माणसाला दोन रोग जडतात, पहाटे उठायचा आणि इतिहासाचा. त्याला दोन्ही जडले.

हनुमंतच्या टेम्पो गॅरेजात दर रविवारी लढाईतल्या जुन्या वस्तू जमवणारे जमतात. सगळ्यांच्या वयाची बेरीज चारशे भरेल, लढाई एकानंही पाहिलेली नाही. वस्तू खाटेवर ठेवायची आणि तिची कहाणी सांगायची. पुरावा कुणी मागायचा नाही. पण थाप उघडी पडली, तर थापाड्यानं ती वस्तू अंगावर चढवून भर बाजारातून सगळ्यांना भजी आणायची. गेल्या वर्षी हनुमंतचं जपानी पॅराशूट लग्नाच्या मंडपाचं कापड निघालं. ते पाठीला बांधून तो निघाला, तर पोरं विचारत होती, "काका, कुठं उतरला?"

तोच हनुमंत आता एक चहाचा मग दाखवतो. जनरलसाहेबानं यात चहा प्यायला, म्हणून धुतलेला नाही म्हणे.

अशा मंडळीत मिरवायला भिमाजीनं मला साखळीवरून उतरवलं. मालनबाई दारात उभी राहिली. "देवाच्या डोक्यावरचं काढून नेताय, एक दिवस तुमच्याच डोक्यावर येईल बगा!"

पहिल्या रविवारी भिमाजी म्हणाला, गोळी लागली. दुसऱ्या रविवारी गोळी मारणारा जपानी माडावर चढला, कारण भोक टाळूवर होतं. तिसऱ्या रविवारी कुणीतरी विचारलं, "मग आपला जवान वाचला कसा?" भिमाजी डगमगला नाही. "टोपाखाली पागोटं हुतं ना!"

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एवढ्यावर थांबले असते तर मी काही म्हटलं नसतं. पण पंधरा ऑगस्टला शाळेत प्रदर्शन ठरलं. माझ्यासाठी काचेची पेटी सांगितली, कायमची बंद, वर पितळी पाटी: 'बर्मात गोळी झेललेला टोप'. काचेत गेलो की संपलं. डोकंही नाही, देवही नाही, वर दुसऱ्याची थाप आपल्या नावावर.

पेटी यायच्या आदल्या रविवारी जामखेडहून अजिनाथ आला. त्याच्या पिशवीत माझाच सख्खा भाऊ, अस्तरासकट! भिमाजी गालात हसला. "कोराच हाय की रे. गोळीबिळी न्हाई? ह्यो लढाईला गेल्ताच न्हाई."

भिमाजीला गाडीवर घेऊन आलेली त्याची नात सृष्टी बाजूच्या टायरवर बसली होती. तिनं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, म्हणून घरात तिचा रोज उद्धार होतो. ती उठली. हनुमंतचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिनं भावाच्या टाळूवरचा स्क्रू फिरवला. अस्तर खाली पडलं. टाळूवर भोक.

"आबा, जपान्याचा नेम लईच पक्का की! दोगांनाबी एकाच जागी?"

"कॉलेज सोडलेल्यांनी इतिहासात बोलू नये," भिमाजी गुरकावला.

"न्हाई बोलत." तिनं तो स्क्रू माझ्या भोकात टाकला. गच्च बसला. मला सांगता येत नाही काय वाटलं ते.

गॅरेजात एवढं हसू फुटलं की हनुमंत खाटेवरून घसरला. पॅराशूटचा सूड! "भजी!" तो ओरडला. "भिमाजीराव, भजी!"

"सृष्टी, जा गं, घिऊन ये—"

"थाप तुमची आन् भजी मी आनू व्हय?"

अजिनाथनं आपलं अस्तर पुढं केलं. "घ्या दादा, उगं टोचल." सृष्टीनं ते माझ्यात बसवलं, स्क्रू आवळला आणि मला आजोबांच्या डोक्यावर ठेवलं.

टक्कल. गरम, घामेजलेलं, खोबरेल तेलाचा वास येणारं. ऐंशी वर्षं मी याचीच वाट बघत होतो.

भिंगारच्या बाजारातून आम्ही निघालो. भाजीवाल्या हसल्या, रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवले. भज्यांच्या गाड्यावर एक तरणा जवान कांदाभजी खात होता. त्यानं आम्हाला पाहिलं, हात पुसला आणि हसत कडक सलाम ठोकला. भिमाजी थबकला. पाठ ताठ करून त्यानं सलाम परत केला. त्या एका घडीला तो कसलीही थाप मारत नव्हता.

मागून आवाज आला. कोथिंबिरीची जुडी घेऊन मालनबाई उभी. "आलं का डोक्यावर?"

भिमाजीला आधी राग आला, मग हसू. हसण्यानं डोकं गदगदा हललं, आणि त्याबरोबर मीही.

काचेच्या पेटीत आता जनरलचा मग आहे. बंद केलाय ते बरंच झालं, वास येत होता.

माझं म्हणाल, तर श्रावणात माझा स्क्रू काढतात, वात घालतात आणि मी महादेवावर ठिबकतो. बाकीच्या रविवारी भिमाजीच्या डोक्यावर असतो. आता तो थापेशिवायच मला घालतो. तुमच्या माळ्यावर माझा एखादा भाऊ पडला असेल, तर त्याला बर्माला धाडू नका, काचही शोधू नका. आधी डोक्यावर घालून बघा.